आमच्यावरचा मूक माहितीपट

पडद्यावर आमचे ओठ हलत होते आणि सभागृह चिडीचूप होतं. घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र गमावलेली आम्ही पाच माणसं गळ्याला विजेरीएवढं यंत्र लावून गातो. ऐकणाऱ्याला मिक्सरमध्ये चटणी वाटल्यासारखं वाटतं, पण आमचा ताल पक्का असतो. या दिग्दर्शकानं वर्षभर शूटिंग केलं आणि शेवटी आमचं सगळं गाणं पुसून टाकलं. म्हणे, हा प्रयोग आहे.

दिवे लागले. शेजारची बाई रुमालानं डोळे टिपत होती. दिग्दर्शक स्टेजवर डोळे मिटून सांगत होता, "आवाज मी मुद्दाम काढला, कारण यांचं मौनच जास्त बोलतं."

आवाज आमच्या डॉक्टरांनीही काढला होता, पण तो जीव वाचवायला. शिवाय त्यांनी आधी विचारलं होतं.

मग त्यानं मला वर बोलावलं. "काका, दोन शब्द बोला ना."

मी एकेकाळी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पुकारायचो. तिथल्या निवडक शिव्या अजून पाठ आहेत. यंत्र खिशातच ठेवून, माइकसमोर ओठ नीट हलवत मी त्याला त्या शिव्यांची लाखोली वाहिली. तो भारावून मान डोलवत राहिला. प्रेक्षक मात्र चुळबुळायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, ऐकू येत नाहीये!"

त्यानं माइक ठोकून पाहिला, मग माझ्या कानाशी वाकून पुटपुटला, "काका, यंत्र लावा ना, प्लीज. काहीच कळत नाहीये."

मी यंत्र गळ्याला लावलं आणि माइकवरूनच विचारलं, "मग इतका वेळ मान कशाला डोलवत होतास?"