केळीच्या धाग्यांचं शिनगार्ड

असोद्याच्या दिपमालाने वर्गात केळीच्या धाग्यांपासून हॉकीचं शिनगार्ड, म्हणजे नडगीचं कवच, बनवलं, पण पहिल्याच चाचणीत त्याचे दोन तुकडे झाले. सगळे हसले. कॉलेजच्या हॉकी संघातली विधी मात्र तिच्याशेजारी येऊन बसली. दोघींनी धाग्यांचे थर उभे-आडवे रचून त्यावर घट्ट होणारं रेझिन ओतलं आणि नवं शिनगार्ड चाचणीच्या यंत्राच्या माराखाली टिकलं. तरी मैदानात ते घालणार कोण? धुळ्याच्या सामन्यात विधीच ते घालून उतरली. एक सणसणीत चेंडू तिच्या नडगीवर आदळला आणि ती खाली बसली. दिपमाला धावत मैदानाच्या कडेशी आली. “लागलं का वं तुले?” ती कडेवरून ओरडली. विधी हसत उठली. “नुसता आवाज झाला गं!” सामना संपल्यावर दिपमालाने विचारलं, “घालताना भीती नाही वाटली?” “वाटली की! पण कुणीतरी आधी घालायलाच हवं ना?” दिपमालाने भरल्या डोळ्यांनी वाकून तिच्या पायावरचे पट्टे सोडले.