नव्वद किलोमीटरचा बेत

नवऱ्यानं अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. तिला मात्र परवाना पन्नाशीत मिळाला. जेवणाच्या टेबलावर, त्याच्यासमोर नकाशा पसरून ती बहिणीच्या गावापर्यंतचा नव्वद किलोमीटरचा बेत आखत होती. "उद्या सातला निघेन." "आठला. सकाळी धुकं असतं." "घाटातून जवळ पडेल." "आणि चढावर गाडी बंद पडली तर ढकलायला कोण, तुझी बहीण? मी येतो सोबत. गुपचूप शेजारी बसेन, हूं की चूं करणार नाही." तेवढ्यात बहिणीचाच फोन आला. "ताई, एकटीच ये हं! भाऊजी असले की तू तोंड उघडत नाहीस." "हो गं, मी एकटीच..." टेबलाखाली त्याचा उजवा पाय आपोआप करकचून खाली दाबला गेला. शिकवणीच्या गाडीत त्याच्या बाजूलाही ब्रेक असायचा. पायाला सवय जडलेली. इथं तर नुसती फरशी होती. तरी ती थांबली. "आम्ही दोघं येतोय."