सृष्टीच्या नावाचं दावं

बिरदेव हाकेला धावतो, यावर मच्छिंद्रच्या घरात कधी कुणी शंका घेतलेली नाही. मेंढरू चुकलं की देवळामागच्या बाभळीला त्याच्या नावाचं दावं बांधायचं; मेंढरू घरी येतं. बहुतेकदा लंगडत येतं, पण येतं.

मच्छिंद्रची लेक सृष्टी भारताच्या फुटबॉल संघात निवडली गेली. परदेशात मैत्रीपूर्ण सामना होता. पोर सुखरूप परत यावी म्हणून त्याने गुपचूप तिच्या नावाचं दावं बांधलं. आठवड्यात ती सराव शिबिरातून गावी, निरगुडसरला परत आली. विमानात न बसताच, कुबड्यांवर.

"आण्णा, सरावात चांगली पळत व्हते. मागनं कुणीतरी पाय ओढला. वळून बघितलं, तर कुणीच न्हाई. गुडघा गेला, सोमवारी ऑपरेशन हाय."

मच्छिंद्र जेवणावरून उठला. विळा घेऊन तो तडक बाभळीकडे गेला. दाव्याचं दुसरं टोक मोकळंच होतं, तरी ते ओढ बसल्यासारखं ताठ होतं. त्याने डोळे मिटून ते कापलं.

घरी आला, तर सृष्टी मोबाईल बघत हसत होती.

"आण्णा, मॅचच रद्द झाली! समोरच्या टीमच्याबी सहाजणी गुडघे धरून बसल्यात. अशा मॅचच्या आधी हे दुखणं लई चालतं."

मच्छिंद्रला जरा हायसं वाटलं. तरी त्याने विचारलंच, "त्यांच्याकडं बाभळी असत्यात का गं?"

"न्हाई ओ. तिकडं बर्फ असतो."

दावं कापून झालं होतं. तरी गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारीच होतं.