खिंडीखालची झोपडी

रविवार, पहिला

“इथून लिफ्टने वर, मग या उताराने घसरत थेट खाली,” मुलगी म्हणाली. तिचं बोट नकाशावरून असं सरकलं, की बापाच्या कानात वारा घुमला.

नकाशा त्यानेच काढलेला. एकतीस वर्षं नकाशांच्या कचेरीत बसून, विमानातून घेतलेल्या फोटोंवरून. त्या डोंगरात त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. प्रत्येक कडा मात्र त्याच्या मनगटाला पाठ होता.

“तुम्हीपण चला ना, बाबा. स्की शिकवतात तिथे.”

“मला बाथरूममध्ये घसरायची भीती वाटते.”

“तिथे मऊ बर्फ असतो. पडलात तरी लागत नाही.”

“तुझी आई म्हणायची, हा माणूस डोंगर चढतो तो खुर्चीत बसून.”

मुलगी हसली. दोन वर्षांनी या घरात कुणीतरी हसलं. आई गेल्यापासून ती फक्त फोन करायची, तोही थांब्यावर उभी असताना, बस येईपर्यंत. आज सकाळी अचानक दारात उभी राहिली. बर्फावर जायचं ठरतंय, म्हणाली, मुलूख अनोळखी आहे, वाट तुम्ही आखून द्या.

रविवार, दुसरा आणि तिसरा

(दोन्ही सारखेच गेले, म्हणून एकत्र.)

टेबलावर नकाशा, नकाशावर चहाचे दोन कप, दोन कपांच्या मध्ये बर्फच बर्फ.

“हा ओढा आहेच ना?”

“आहे तर. हिवाळ्यात वरून गोठतो. चालताना पायाखाली पाणी बोलत असतं.”

“तुम्हाला काय माहीत?”

“निळ्या शाईने काढलाय मी तो. दोन दिवस कानात वाजत होता.”

“आणि हा पूल?”

“लाकडी. मधली फळी करकरते.”

“काहीतरीच!”

“जाऊन बघ, बाईसाहेब. नाही करकरली तर नाव बदलीन.”

प्रत्येक उत्तरानंतर ती वहीत बारीक खूण करी. तिच्या बोटाला शाई लागलेली त्याला दिसली.

“नवी नोकरी,” ती म्हणाली. “छापखान्यात.”

“जावईबापूंना सुट्टी मिळेल ना?”

“मिळेल हो.”

तिसऱ्या रविवारी त्याने तिच्यासाठी हातमोजे आणून ठेवले होते. लाल, लोकरीचे. तिने ते घालून न बघताच बाजूला ठेवले आणि विचारलं, “ही झाडी?”

ती गेली की खोली हळूहळू उतरती होई. खुर्ची घसरायला लागे, कपाट मागे राही, खिडकीतून पांढरं काहीतरी आत भरे. तो डोळे मिटून घसरत राही, मागे वळून बघे, तर ती येतच असे, लाल हातमोजे हलवत.

सामानाची यादी, त्याच्या अक्षरात

गरम बनियन, दोन.
काळा चष्मा.
पाय शेकायची पिशवी.
गुडघ्याचं मलम (मोठी ट्यूब).
तिचे हातमोजे.
विचारणे: म्हाताऱ्यांना आखूड स्की मिळतात का?

रविवार, चौथा

ती आली नाही.

“वाट तर ठरली, बाबा,” फोनवर म्हणाली. मागे रस्त्याचा गोंगाट. “आता येऊन काय करू?”

त्याने समोरच्या दोन कपांकडे पाहिलं.

“एक गोष्ट सांगायची राहिली. झोपडीची. फोनवर नको.”

बस आल्याचा आवाज आला. मग बस निघून गेल्याचा. ती अजून फोनवरच होती.

रविवार, पाचवा

नऊच्या आत आली. चप्पल काढतानाच म्हणाली, “बोला.”

“खिंडीखालची झोपडी. जिथे तू मुक्काम करणार आहेस. ती नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“मी घातली. कचेरीची रीत होती, प्रत्येक नकाशात एक गोष्ट मुद्दाम खोटी घालायची. कुणी आपला नकाशा चोरला, की ती खोटी गोष्टही त्याच्या नकाशात जाते आणि चोर सापडतो. कोणती, ते काढणाऱ्याने कुणाला सांगायचं नाही. तशी शपथच घ्यायचो. तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.”

“मग मला का सांगता?”

“दिवस मावळल्यावर तू त्या बर्फात झोपडी शोधत फिरशील. काय चाटायचीय ती शपथ?”

नकाशावरचा इवलासा चौकोन तिने अंगठ्याने झाकला. मग अर्धा चहा तसाच ठेवून उठली. दारापर्यंत गेली, परत आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “जपून राहा, बाबा.”

हातमोजे टेबलावरच राहिले. ते घेऊन तो जिन्यात आला. एक मजला खाली ती फोनवर बोलत होती.

“हो, सांगितलं एकदाचं. खिंडीखालची झोपडी. बुधवारी माणूस पाठवून बघून घ्या. खरंच नसली, तर तेवढी काढा आणि बाकीचा नकाशा आहे तसा छापा. नाही हो, त्यांना कुठला संशय. ते तर बॅग भरून बसलेत.”

तो आवाज न करता वर आला. दार लावून घेतलं. टेबलाच्या खणातून एक जुना फोटो काढला. कचेरीतला मोजणीदार, नाक लाल, हातात वाफाळता कप, झोपडीच्या उघड्या दाराला टेकून उभा. धुराड्यातून धूर. फोटोच्या मागे लिहिलेलं: ‘तू काढलीस तिथेच आहे. ये कधीतरी.’

त्याने फोटो परत ठेवला. हातमोजे खुंटीला अडकवले. दोन्ही कप धुऊन पालथे घातले. मग नकाशावर वाकून, अगदी निवांतपणे, पुढच्या रविवारी ‘खोटं’ म्हणून सांगायला एक तळं निवडलं.