गवंड्याचं वाकडं घर

आमच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, पण हायवेच्या उतारावर बांधलेलं त्यांचं स्वतःचं घर मात्र रस्त्यावरून बघितलं की एका अंगाला कललेलं दिसतं. ते म्हणायचे, "अगं, घर सरळच आहे, रस्ता तिरका आहे." त्यावर सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

मग कुणीतरी घराचा फोटो मोबाइलवर टाकला आणि आमच्या दारात गाड्या थांबायला लागल्या. भिंतीला हात लावून, पडतं घर सावरून धरल्यासारखे फोटो लोक काढायचे. सासूबाईंनी स्वतः 'वाकडं घर' अशी पाटी रंगवली आणि येईल त्याला ऐटीत सांगू लागल्या, "सरळ घर काय, कुणीही बांधतं!"

सासऱ्यांच्या ते जिव्हारी लागायचं. शेवटी एका रविवारी, भरल्या अंगणात ते शिडीवर चढले आणि छपराच्या कडेवरून ओळंबा सोडला. दोरीच्या टोकाचं वजन डुलत डुलत स्थिर झालं. दोरी आणि भिंतीमध्ये वरपासून खालपर्यंत बोटभर अंतर, ना कमी ना जास्त.

"बघा! आहे का कुठे वाकडं?" सासरे शिडीवरूनच गरजले. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं, मोबाइल खिशात टाकले आणि गाड्यांकडे वळले.

सासूबाई अनवाणीच त्यांच्यामागे धावल्या, "अहो, थांबा, जाऊ नका! यांचा ओळंबाच वाकडा आहे!"