तिसरी खीळ

डॉड फ्लेट हे वहीत लिहिणारच नव्हता. पेन हातात धरून बराच वेळ नुसता बसला होता. विमानाच्या वहीत इतक्या वर्षांत त्याच्या जोडीदाराच्या, वॉटीच्या नावापुढे एकही चूक नव्हती, आणि आज तर विमान कायमचंच गेलं होतं. वही उद्या पोस्टाने त्याच्या मागोमाग जायची. एक ओळ नसती लिहिली तर कुणाचं काय बिघडणार होतं?

सकाळी ते जुनं आरमारी विमान, जहाजावर मावावं म्हणून मिटणारे पंख मिटून, धावपट्टीच्या कडेला उभं होतं, अंगावर चार बोटं बर्फ. शेड बटाट्याच्या व्यापाऱ्याने घेतली होती, सोमवारी त्याची पोती येणार, म्हणून आदल्या संध्याकाळीच ते बाहेर काढलं होतं. दुपारच्या आत उडालं तर दक्षिणेतल्या संग्रहालयात, नाहीतर भंगारवाल्याकडे. आणि समुद्रावरून पुढचं बर्फ चालून येताना दिसतच होतं.

डॉड आणि वॉटी स्लेटर, दोघेही पंचाहत्तरीला टेकलेले. आरमारात असताना याच मैदानावर, याच विमानावरचं बर्फ काढता काढता दोस्ती झालेली. पद्धत अजून तीच. आधी झाडू, मग सांध्यात फडकं, मग बर्फ घालवायचं गरम औषध. त्याचा गोडसर वास आला की डॉडला अजून वाटायचं, आता कुणीतरी चहाची किटली घेऊन येईल आणि सगळे तिच्यावर हात शेकतील.

पंख मिटलेला असला की सांधा उघडा पडतो. त्यात पाणी राहिलं की गोठतं, आणि पंख उघडल्यावर कुलपाच्या खिळी भोकात पुऱ्या बसत नाहीत; मग पंख हवेतच मिटायचा धोका. खीळ बसली की वरची लाल खूण खाली जाते, पण थंडीत ती खूण खोटं बोलते. म्हणून हातमोजा काढायचा, भोकात बोट घालून खीळ पुरी आलीय का ते चाचपायचं आणि ओरडायचं.

एका पंखाला चार खिळी. त्यांना नावं बंदरावरच्या मासेवाल्याच्या चार मुलींची. खीळ बसली म्हणजे पोरगी घरी आली. तिसरी नॅन. पुढे वॉटीने तिच्याशीच लग्न केलं, तरी खिळीचं नाव बदलायला तो तयार झाला नाही.

डॉडने विमानातला तेलाचा हातपंप मारून पंख उघडले. उजवा पंख नेहमीसारखा त्याने तपासला. डावा वॉटीचा. वॉटी शिडीवर चढला.

“एल्सपेथ घरी. जेसी घरी. नॅन घरी. इशबेल घरी.”

डॉडने मान वर केली. नॅनचं भोक खोल. तिथे बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसावं लागतं. वॉटी तिथे अडायचा, एक शिवी हासडायचा, मग ओरडायचा. नॅन वेळेवर घरी आली असं कधी झालंच नव्हतं. आज चौघी एका दमात आल्या होत्या.

पण ज्याने आरोळी दिली त्याचा शब्द शेवटचा. त्याच्या मागून बोट घालून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. पन्नास वर्षांत डॉडने ते केलं नव्हतं. तिकडे किर्स्टी, विमान नेणारी पोरगी, हेल्मेट काखेत मारून आली होती. दोघांसाठी पाव आणले होते, चपटे, खारट, लोण्याने कागद भिजलेला. काका, निघू का, म्हणून विचारत होती.

डॉड शिडीपाशी गेला. “वॉटी, नॅन नक्की आली?”

“म्हटलं ना.”

“उतर खाली.”

“माझ्या मागून बोट घालणार तू?”

“घालणार.”

वॉटी उतरला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. डॉड वर चढला. पहिली ठीक. दुसरी ठीक. तिसऱ्यात बोटाला गार, गुळगुळीत लागलं. खीळ नखभर अलीकडेच थांबली होती, मध्ये बर्फ. लाल खूण मात्र खाली, शहाण्यासारखी.

“ऑक्टोबरपासून बोटांना काही कळत नाही,” वॉटी खालून म्हणाला. “शर्टाची बटणंसुद्धा नॅन लावते. म्हटलं, आजचा एकच दिवस आहे, निभेल.”

“ती पोरगी बसली असती त्यात, गाढवा.”

“माहितीय.”

पंख परत मिटला. परत फडकं, परत औषध, परत हातपंप. डॉडने किर्स्टीला एवढंच सांगितलं की सांध्यात बर्फ सापडलंय. ती आभाळ बघत पाव खात राहिली. डॉड परत चढला, बोट पुरं आत घातलं, आणि खाली वॉटीकडे पाहिलं.

“आली का?” वॉटीने विचारलं.

“आली.”

“मग ओरड की.”

“ओरडायचं काम तुझं.”

वॉटीने शिडी दोन्ही हातांनी धरली. “नॅन घरी,” तो ओरडला, आणि आवाज मध्येच फाटला.

बर्फाचे पहिले कण पडायला आणि विमान उठायला एकच गाठ पडली. आवाज पुरता विरेपर्यंत दोघे उभे होते.

आता शेडमध्ये वॉटी उलट्या खोक्यावर बसला होता. “लिही,” तो म्हणाला. “खूण खोटं बोलते हे संग्रहालयवाल्यांना कळू दे. आणि माणूसही.”

डॉडने लिहिलं. डावा पंख, तिसरी खीळ, बर्फ. एका बोटाला कळलं नाही. दुसऱ्याने पाहिलं.

वॉटीने ते वाचलं. मग म्हणाला, तिथे दर मे महिन्यात लोकांना पंख उघडून दाखवणार आहेत म्हणे. “तिथली पोरं काय, लाल खूण बघतील आणि झालं म्हणतील. नॅन घरी आली का, कोण बघणार?”

डॉडने वही मिटली.

“मेमध्ये आपण जाऊ. नॅनलाही नेऊ. बोट माझं, आरोळी तुझी. शब्द देतो.”