पंचासमोरचा भाव

“घेणारा दाखवा चाचा, मंग मेळ्याच्या गोष्टी करा,” व्यापारी रंगराव म्हणाले आणि त्यांनी समोरची नाण्यांची मखमली पेटी बंद केली.

अब्दुल गनींनी वाटेकडे पाहिलं. घेणारा होता कुठे? रोहिणखेडच्या जुन्या मशिदीमागे, चिंचांच्या सावलीत भरणारा जुन्या नाण्यांचा हा मेळा त्यांच्या वडिलांनी सुरू केला होता. अमरावतीचे वकील, बऱ्हाणपूरचे जहागीरदार, नागपूरचे एक-दोन साहेबलोक, असे शौकीन यायचे. एकेका रुपयासाठी हमरीतुमरीवर यायचे आणि संध्याकाळी एकमेकांना पान खिलवून गाडीला लागायचे. यंदा कापूस मातीमोल झाला आणि शौक ही चीजच वऱ्हाडातून परागंदा झाली. जिनिंगवाले हातावर हात धरून बसले, वकिलांकडे पक्षकार फिरकेनात. जो तो घरात बसला.

गर्दी मात्र होती, नुसती विकणाऱ्यांची. सोन्याचा भाव तेवढा चढा होता, म्हणून दागिने आधीच सोनाराकडे मोडून झाले होते. आता बाया पदराच्या गाठी सोडत येत होत्या. कुणाकडे देवघरातला रुपया, कुणाकडे सासूने दिलेला. रंगराव धरून मेळ्यातले पाचही व्यापारी नाण्यावरची अक्षरं न बघताच ते तराजूत टाकत आणि वजनाच्या चांदीचे जेमतेम पैसे हातावर ठेवत.

त्याच पाचांनी सकाळी गनींना बजावलं होतं. आज दिवस मावळेपर्यंत एक तरी गिऱ्हाईक आलं नाही, तर पुढल्या साली आमची वाट पाहू नका. वडिलांचा मेळा आपल्या हातून बुडणार, या विचाराने गनींना दुपारची भाकरी गोड लागली नव्हती.

अशात झुंबरबाई आल्या. देऊळघाटच्या, पन्नाशीतल्या, अंगावर धुवट लुगडं. मनगटावर पाटल्यांचे पांढरे वळ तेवढे उरले होते. ‘बिचारीच्या पाटल्याही गेल्या,’ गनींच्या मनात आलं.

बाईंनी पदराची गाठ सोडून एक रुपया रंगरावांपुढे धरला. “एलिचपूरच्या टाकसाळीचा हाय. काय भाव?”

“आठ आणे,” रंगराव मान वर न करता म्हणाले. “असे ढिगानं पडले हायत माह्यापाशी. कोणी इचारत नाही त्याले.”

गनींच्या अंगाचा तिळपापड झाला. असाच रुपया गेल्या साली याच रंगरावांनी वकिलाला पंधरा रुपयांना विकला होता, आणि तोही हात जोडायला लावून.

“रंगराव, मी मेळ्याचा पंच हाय अन् तुमी पंचासमोर बोलून राह्यले,” ते म्हणाले. “पंचासमोर सांगितलेला भाव दिवसभर हलत नाही. घेताना एक अन् देताना दुसरा, असं इथं चालत नाही. सोचून सांगा.”

त्यांना वाटलं, माणूस ओशाळेल, चार आणे तरी वाढवील. रंगराव पोट धरून हसले. “देताना? अहो चाचा, घ्याले कोण येऊन राह्यलं? ल्या, पुन्हा सांगतो. आठ आणे.”

बाईंनी मान डोलवली आणि रुपया गाठीत बांधला. “चाचा, तुमी जरा संगं येता?”

गनी निघाले. निदान आपल्या डोळ्यांदेखत तिला कुणी फसवणार नाही, एवढंच समाधान. दुसऱ्या दुकानावर साडेसात आणे निघाले, पुढे सात. चौथ्याने तर जांभई देतच सहा आणे सांगितले, पाचव्यानेही तेवढेच. प्रत्येक ठिकाणी गनी कायद्याची आठवण करून देत होते आणि प्रत्येक ठिकाणी हशा पिकत होता. आपल्या वडिलांचा मेळा असा निर्लज्ज झालेला पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचव्या दुकानावरून निघताना त्यांना राहवेना. “बाई, मी देतो दोन रुपये. ह्या लोकायच्या नादी लागू नका.”

“तुमची मेहरबानी, चाचा. पण मले त्यायच्याच तोंडचा भाव पाह्यजे.”

काय हा ताठा, गनींना वाटलं. घरात चूल पेटायची पंचाईत, आणि दोन रुपये नाकारते बाई.

उन्हं कलली तशा झुंबरबाई परत रंगरावांच्या दुकानाच्या चादरीसमोर येऊन बसल्या. “चाचा, रंगरावचा भाव पुकारा. सगळ्यायले आयकू जाऊ द्या.”

गनींनी पडेल आवाजात पुकारलं, “एलिचपुरी रुपया, आठ आणे.”

बाकीचे व्यापारी गंमत बघायला जमले. रंगरावांनी आठ आणे चादरीवर टाकले आणि रुपयासाठी तळहात पसरला.

झुंबरबाईंनी पदराची गाठ आणखी आवळली. मग कमरेची थैली सोडून त्यांनी ती चादरीवर ठेवली. थैली जड होती. पाटल्या कुठे गेल्या ते गनींना आता उमगलं.

“माहा रुपया माह्याजवळच राहील,” त्या म्हणाल्या. “मी घ्याले आली, रंगराव. तुमच्या पेटीत एलिचपुरी जेवढे असतील, तेवढे आठ आण्यानं द्या.”

रंगरावांचा तळहात तसाच हवेत राहिला. “पण बाई, म्या तं...”

“पंचासमोर बोलले तुमी,” गनी म्हणाले. आता त्यांचा आवाज मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचत होता. “दोन डाव बोलले. उघडा पेटी.”

जमलेल्यांपैकी चौघे हळूच मागच्या मागे सरकू लागले.

“तुमी कुठी चालले, भाऊ?” झुंबरबाईंनी विचारलं. “आपापल्या दुकानावरच बसा. तुमचेही भाव चाचानं आयकले हायत.”